अंगठे, सूप आणि गिरणी : जर्मन बालकथांमधलं क्रूर हसू



मागच्या व्याख्यानात आपण हास्याबद्दल बोललो. ते संपल्यावर एका बाईंनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मोठ्यांच्या हसण्याबद्दल बोललात. पण लहान मुलांच्या काही गोष्टींत कुणी जळतं, कुणाचं बोट तुटतं, कुणी मरतं आणि तिथे विनोद केलेला असतो. मुलांनी त्यावर हसावं का?" वेळ संपत आली होती, म्हणून मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. खरं सांगायचं तर मला विचार करायलाही वेळ हवा होता. कारण या प्रश्नाचं एक उत्तर मी पूर्वी वर्गात मोठ्या खात्रीनं देत असे आणि आज ते मला तसं देता येत नाही.

आज दोनच पुस्तकं घेणार आहे, दोन्ही जर्मन. पहिलं १८४५ सालचं, हाइनरिश होफमान या डॉक्टरचं 'श्ट्रुव्वलपेटर'. दुसरं १८६५ सालचं, विल्हेल्म बुश या चित्रकाराचं 'माक्स उंड मोरिट्झ'. दोन्ही पद्यात आहेत, दोन्ही सचित्र आहेत आणि दोन्हींची चित्रं लेखकांनी स्वतः काढली आहेत. जर्मन बोलणाऱ्या घरांत ही पुस्तकं पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. काहींना ती अतिशय प्रिय आहेत, काहींना ती मुलांच्या हातात द्यावीत असं मुळीच वाटत नाही.

आधी माझी एक चूक सांगतो, कारण सगळा विषय तिथूनच सुरू होतो.

मी जर्मन शिकलो ते कांट मुळातून वाचता यावा म्हणून. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळचे वर्ग असत, तिथे जायचो. तेव्हा कुणाकडून तरी 'श्ट्रुव्वलपेटर'ची एक जुनी प्रत हाती आली. सोपी भाषा, मोठी चित्रं, म्हणून वाचत गेलो. पुढे लग्न झालं, मुलगा झाला. तो चार वर्षांचा होता तेव्हा त्याला अंगठा चोखायची सवय होती. काही केल्या जाईना. तेव्हा मला या पुस्तकातली कोनराडची गोष्ट आठवली.

गोष्ट अशी. कोनराडची आई बाहेर जाताना त्याला बजावते की, अंगठा चोखू नकोस, नाहीतर शिंपी येईल आणि कात्रीनं अंगठे कापून नेईल. आई बाहेर पडते आणि अंगठा तोंडात जातो. लगेच दार धाडकन उघडतं. लांब लांब ढांगा टाकत, भलीमोठी कात्री घेऊन एक शिंपी उडी मारून आत येतो आणि दोन्ही अंगठे कापतो. आई घरी येते तेव्हा कोनराड बिचारा दोन्ही हात पसरून उभा. अंगठे नाहीत. गोष्ट संपली.

मी ही गोष्ट मुलाला मराठीत करून सांगितली. नुसती सांगितली नाही, तर शिवणाच्या डब्यातली कात्री आणून तिचा आवाजही करून दाखवला. त्याचा अंगठा त्या दिवसापासून सुटला. पण पुढच्या तीन रात्री तो झोपला नाही. मुठीत अंगठे दाबून पडून राहायचा. माझी पत्नी मला म्हणाली, "तुम्ही त्याला गोष्ट सांगितली नाहीत, धमकी दिलीत." मी त्यावर काही बोललो नाही. मात्र त्यानंतर कित्येक वर्षं नीतिशास्त्राच्या वर्गात भीतीच्या जोरावर दिलेल्या शिक्षणाचं उदाहरण म्हणून मी कोनराडची गोष्ट सांगत आलो. म्हणजे दोष पुस्तकाचा, माझा नाही. आज तो निकाल पुन्हा तपासायचा आहे.

आता थोडं शास्त्र. भरतानं हास्याची कारणं सांगताना विकृत वेष, विकृत अलंकार यांपासून सुरुवात केली आहे. पिंजारलेल्या केसांचा, वर्षभर नखं न कापलेला पेटर, म्हणजे 'श्ट्रुव्वलपेटर', त्यात चपखल बसतो. इथपर्यंत अडचण नाही. पण आपल्याकडे कोणते रस एकमेकांशी जुळतात आणि कोणते विरोधी, याचाही विचार झाला. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हास्याचे दोन विरोधी रस सांगितले आहेत : भयानक आणि करुण. अनुभवाला हे पटतं. घाबरलेला माणूस हसत नाही, रडणाराही हसत नाही. मग कात्री, जळणं, मरण यांत भय आहे आणि शोकही आहे, तिथे हास्य उभं कसं राहतं? या दोन जर्मन पुस्तकांत तिन्ही एका पानावर आहेत. ते कसं साधतं, हा आपला प्रश्न.

आधी होफमानकडे जाऊ. जन्म १८०९, फ्रांकफुर्ट शहरात. शिक्षणानं डॉक्टर. गरिबांच्या दवाखान्यात काम केलेलं, शरीररचनाशास्त्र शिकवलेलं. पुढे १८५१ पासून १८८८ पर्यंत तो शहरातल्या मनोरुग्णालयाचा प्रमुख होता आणि रुग्णांसाठी नवी चांगली इमारत व्हावी म्हणून त्यानं खूप खटपट केली. १८६४ मध्ये ती उघडली. मुलांना छळण्यात आनंद मानणारा माणूस काही तो नव्हता.

१८४४ चा नाताळ जवळ आला. थोरला मुलगा कार्ल तेव्हा तीन वर्षांचा. त्याच्यासाठी चित्रांचं पुस्तक आणायला होफमान बाजारात गेला. तिथे जी पुस्तकं होती ती त्याला बघवेनात. लांबलचक गोष्टी आणि शेवटी उपदेश : मुलानं खरं बोलावं, मुलानं स्वच्छ राहावं. तो कोरी वही घेऊन घरी आला आणि म्हणाला, हेच आणलंय, यात मीच काढतो.

पण चित्रं काढायची त्याची सवय त्याआधीची होती, ती महत्त्वाची आहे. आजारी मुलाला तपासायला गेलं की मूल किंचाळायचं, अंगाला हात लावू द्यायचं नाही. याचं कारणही होफमाननं सांगितलंय. मोठी माणसं एरवी मुलांना दटावताना म्हणायची, नीट वाग, नाहीतर धुराडी साफ करणारा येईल, नाहीतर डॉक्टर येईल आणि कडू औषध पाजेल. आपल्याकडे बागुलबुवा आहे ना, तसा तिथे डॉक्टरचाच बागुलबुवा झालेला. मग हा बागुलबुवा पलंगाशी बसून खिशातून कागद-पेन्सिल काढायचा आणि एखादा केस न कापणारा, नखं न कापू देणारा मुलगा काढायला लागायचा. केस वाढतात, नखं वाढतात, वाढतच जातात. मूल रडायचं थांबून बघायला लागायचं. तेवढ्यात नाडी बघून व्हायची.

म्हणजे या पुस्तकाचं मूळ भीती घालवण्यात आहे. पुस्तकात सगळीकडे भीती दिसते, पण ते जन्मलं ते घाबरलेल्या मुलाच्या उशाशी.

वही छापायचं श्रेय त्याच्या मित्रमंडळातल्या लोव्हेनटाल या प्रकाशकाकडे जातं. १८४५ मध्ये १५०० प्रती काढल्या, त्या काही आठवड्यांत संपल्या. पहिलं नाव होतं 'गमतीच्या गोष्टी आणि मजेदार चित्रं', वयोगट तीन ते सहा. लेखकाचं खरं नाव नव्हतं, टोपणनाव होतं. पेटरचं चित्र आधी शेवटच्या पानावर होतं, पण मुलं पुस्तक त्याच्याच नावानं मागू लागली, मग तो पहिल्या पानावर आला आणि पुस्तकाला त्याचं नाव मिळालं. छपाईच्या वेळी होफमाननं एक हट्ट धरला होता. आपली हौशी, वेडीवाकडी चित्रं छापखान्यातल्या कारागिरानं सुधारायची नाहीत. हा हट्ट लक्षात ठेवा, आपल्याला लागणार आहे.

आता दोन-तीन गोष्टी बारकाईनं पाहू.

कास्पारची गोष्ट. कास्पार गुटगुटीत, लाल गालांचा, रोज निमूटपणे सूप पिणारा मुलगा. एके दिवशी ओरडायला लागतो, मी सूप पिणार नाही. दुसऱ्या दिवशी तो वाळलेला. तिसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या दिवशी तो दोऱ्यासारखा झालेला, आणि होफमान त्याचं वजन सांगतो : जेमतेम अर्धा लोट. लोट हे जुनं जर्मन वजन, साधारण १५-१६ ग्रॅमचं. म्हणजे चौथ्या दिवशी कास्पारचं वजन चहाचे दोन चमचे साखर होईल, एवढं. पाचव्या दिवशी तो मेला. शेवटच्या चित्रात त्याची कबर आहे आणि कबरीवर सुपाचं भांडं ठेवलेलं आहे.

इथे हसू येतं ते कुठे येतं, पाहा. मूल मेलं म्हणून येत नाही. ते अर्ध्या लोटावर येतं. चार वर्षांच्या मुलालाही माहीत असतं की एक-दोन वेळा जेवलं नाही म्हणून कुणी दोरा होत नाही. स्वतः करून पाहिलेलं असतं त्यानं! "जेवला नाहीस तर वाळशील" हे वाक्य घरोघरी रोज बोललं जातं. होफमान ते वाक्य घेतो आणि शब्दशः खरं करून दाखवतो, अगदी वजनकाट्यापर्यंत. त्यात आईची धमकी इतकी ताणली जाते की ती तुटते. आणि कबरीवरचं ते भांडं! मेल्यावरही सूप काही सुटलं नाही. तीन वर्षांच्या मुलाला एवढी चेष्टा बरोबर कळते.

पाउलिन्शनची गोष्ट दुसऱ्या आवृत्तीत, १८४६ मध्ये, आली. घरात एकटी असलेली मुलगी काड्यापेटीशी खेळते आणि जळून जाते. घासून पेटणाऱ्या काड्या त्या काळी घरात नुकत्याच, म्हणजे पंधरा-वीस वर्षांत, आल्या होत्या. धोका खरा होता. डॉक्टरनं भाजलेली मुलं पाहिली नसतील असं होणारच नाही. या गोष्टीत दोन मांजरी आहेत. त्या पंजे वर करून पाउलिन्शनला सांगतात की आईबाबांनी नको म्हटलंय. ती ऐकत नाही. शेवटी राखेचा एवढासा ढीग उरतो, शेजारी तिचे बूट. आणि मांजरी रडतात, इतक्या रडतात की आसवांचा ओढा वाहायला लागतो. मला ही गोष्ट संग्रहातली सगळ्यात कठीण वाटते. इथे हसू पुरं फुटत नाही, आणि ते फुटू नये असंच होफमानला वाटत असावं. मांजरींच्या आसवांचा ओढा मजेशीर आहे, बूट मजेशीर नाहीत. आपण म्हटलं ना, करुण आणि हास्य विरोधी? इथे ते एकाच चित्रात आहेत, आणि मुलाची नजर एकावरून दुसऱ्यावर जाते. त्याला जे झेपेल ते ते बघतं.

आता एक गोष्ट अशी, जी पुस्तकावर टीका करणारे बहुतेक विसरतात. त्यात कुठल्याच मुलाला शिक्षा नाही. एक शिकारी बंदूक, चष्मा घेऊन सशाच्या मागे निघतो. ऊन लागतं, डुलकी येते. ससा त्याची बंदूक आणि चष्मा पळवतो, चष्मा स्वतःच्या नाकावर चढवतो आणि शिकाऱ्यावरच नेम धरतो. शिकारी धावत सुटतो आणि विहिरीत उडी टाकतो. गोळी लागते ती खिडकीत कॉफी पीत बसलेल्या शिकाऱ्याच्या बायकोच्या कपाला. कप फुटतो आणि गरम कॉफी विहिरीजवळ लपलेल्या सशाच्या पिल्लाच्या नाकावर सांडते. झालं. यातून मुलानं काय शिकायचं? काही नाही. मोठ्या माणसाच्या हातातलं हत्यार लहानग्याच्या हातात गेलं, एवढंच. ही गोष्ट ज्या पुस्तकात आहे, ते पुस्तक फक्त मुलांना दटावायला लिहिलंय असं म्हणता येईल का?

तशीच शेवटची गोष्ट. रॉबर्ट वादळात छत्री घेऊन बाहेर पडतो. वारा त्याला छत्रीसकट उचलतो, वर, आणखी वर, ढगांपर्यंत. तो कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. ही शिक्षा आहे की सुटका? मी कित्येक वेळा वाचली, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. तीन गोरी मुलं एका काळ्या मुलाला त्याच्या रंगावरून चिडवतात. उंच निकोलास त्यांना समजावतो, ती ऐकत नाहीत, तेव्हा तो तिघांना शाईच्या मोठ्या दौतीत बुडवून काढतो. होफमानचा हेतू चिडवणाऱ्यांविरुद्ध आहे, १८४५ साली ही छोटी गोष्ट नव्हती. पण शिक्षा काय, तर तुम्हीही काळे व्हा. म्हणजे काळं असणं ही शिक्षाच ठरली. इथे विनोद हेतूच्या विरुद्ध गेला. आज ही गोष्ट मुलाला वाचून दाखवणाऱ्यानं इथे थांबून बोललं पाहिजे.

एवढं पाहिल्यावर आता सिद्धान्ताकडे येऊ. मी तीन मुद्दे मांडतो.

पहिला, अतिशयोक्तीचा. शोपेनहाउअर, जो फ्रांकफुर्टमध्येच १८३३ पासून मरेपर्यंत राहिला, तो म्हणतो की, आपल्या डोक्यातली कल्पना आणि समोर दिसणारी वस्तू यांची विसंगती अचानक जाणवली की हसू येतं. शिस्तीचा नियम ही एक कल्पना आहे : चूक केली की परिणाम होतो. होफमान परिणाम एवढा मोठा करतो की नियम आणि चित्र यांचं जुळतच नाही. अंगठा चोखला की दात पुढे येतील, हे जुळतं, म्हणून त्यात हसण्यासारखं काही नाही. अंगठा चोखला की शिंपी दारातून उडी मारून येईल, हे जुळत नाही.

दुसरा, चित्रांचा. वेडीवाकडी चित्रं सुधारू नका, हा हट्ट आठवा. समजा, कोनराडचे हात एखाद्या निष्णात चित्रकारानं हुबेहूब काढले असते, रक्तामांसाचे, तर ते पान उघडवलं नसतं. होफमानची माणसं कागदी आहेत. कोनराडचे अंगठे जातात तेव्हा बाहुलीचे अंगठे गेल्यासारखे जातात. बेर्गसाँचं १९०० सालचं पुस्तक आपण गेल्या वेळी पाहिलं. त्याचं म्हणणं असं की, हसायचं तर हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. ती भूल इथे रेघेतून आणि यमकातून दिली आहे. पद्याचा ठेका टकटक चालतो आणि त्या चालीत शिंपी, कात्री, आई सगळं एकाच वेगानं येऊन जातं.

तिसरा मुद्दा मला उशिरा कळला. भूल द्यायला कुणीतरी जवळ असावं लागतं. या पुस्तकाचा वयोगट तीन ते सहा, म्हणजे मूल ते एकटं वाचत नाही. कुणाच्या तरी मांडीवर बसून ऐकतं. तो 'कुणीतरी' कोणत्या आवाजात वाचतो, त्यावर सगळं अवलंबून आहे. भयानक आणि हास्य विरोधी आहेत, हे शास्त्र खोटं नाही. पण मांडीवर बसलेल्या मुलाचं भय सुरक्षित असतं, ते भयाच्या जवळ जाऊन परत येतं. मांडी काढून घेतली की उरतं फक्त भय.

आता विरुद्ध बाजू. ती मी हलकी करणार नाही. १९७७ मध्ये काटारिना रुट्श्की या जर्मन लेखिकेनं जुन्या शिक्षणविषयक लेखनाचा एक संग्रह काढला आणि मुलांना मोडून काढणाऱ्या त्या परंपरेला 'काळं शिक्षणशास्त्र' हे नाव दिलं. पुढे आलिस मिलरनं ही कल्पना सर्वदूर नेली. तिचं सांगणं थोडक्यात असं की, मुलाच्या भल्याच्या नावाखाली त्याला जे दुखवलं जातं ते तो विसरत नाही आणि मोठेपणी दुसऱ्याकडून वसूल करतो. 'श्ट्रुव्वलपेटर'कडे पुष्कळांनी याच नजरेनं पाहिलं. आणि होफमाननं त्याला जागाही दिली आहे. कारण त्याला शिकवायचं नव्हतं, असं मुळीच नाही. त्यानं स्वतः लिहिलंय की, मूल डोळ्यांनी शिकतं. "स्वच्छ राहा", "विस्तवाशी जपून" हे त्याच्या लेखी पोकळ शब्द असतात, जळणारा झगा दाखवला की कळतं. म्हणजे भीतीचा उपयोग त्यानं केलाच. एकाच हातानं भीती घातली आणि त्याच हातानं ती सोडवली. कोणता हात जोरकस ठरतो, ते पुस्तक ठरवत नाही, वाचून दाखवणारा ठरवतो. माझ्या घरी कोणता ठरला, ते मी सांगितलंच.

आता दुसरं पुस्तक. इथे गोष्टच वेगळी आहे. होफमानच्या पुस्तकात विनोद बऱ्याचदा मुलाच्या बाजूनं आहे. बुशच्या पुस्तकात तो कुणाच्याच बाजूनं नाही, आणि तिथे तो अधिक खोल जातो असं मला वाटतं.

विल्हेल्म बुश, जन्म १८३२, उत्तर जर्मनीतल्या वीडेनझाल गावात. नऊ वर्षांचा असताना त्याला शिकायला मामाकडे, एबरग्योत्सेन गावी, पाठवलं. मामा पाद्री होते. तिथे गिरणीवाल्याचा मुलगा एरिश बाखमान त्याचा जिवलग मित्र झाला. ती मैत्री जन्मभर टिकली. पाण्यावर चालणारी ती गिरणी आजही उभी आहे, तिथे संग्रहालय आहे. गिरणी लक्षात ठेवा.

'माक्स उंड मोरिट्झ' बुशनं आधी ड्रेस्डेनच्या प्रकाशकाला देऊ केलं. त्यानं नाकारलं. मग म्युनिकच्या कास्पार ब्राउननं एकरकमी १००० गुल्डेन देऊन ते घेतलं. पहिली आवृत्ती ४००० प्रतींची, आणि ती हळूहळू खपली. पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. अमेरिकेत १८९७ मध्ये सुरू झालेली 'काट्झेनयामर किड्स' ही चित्रमालिका याच दोन पोरांवरून निघाली. तिचा चित्रकार रुडॉल्फ डिर्क्स जन्मानं जर्मन होता. आज वर्तमानपत्रांत जी चित्रपट्टी आपण वाचतो, तिच्या पूर्वजांत हे दोघं आहेत.

गोष्ट सात खोड्यांची. पहिल्या खोडीत बोल्टे नावाच्या विधवेच्या तीन कोंबड्या आणि कोंबडा ही पोरं दोऱ्याला पावाचे तुकडे बांधून मारतात. बाई ढसाढसा रडते. आणि मग? मग विचार करते की मेलेल्या कोंबड्या वाया कशाला घालवायच्या, आणि भाजायला ठेवते. कोबीचं लोणचं तिला फार आवडतं, ते आणायला तळघरात जाते. तेवढ्यात पोरं धुराड्यातून गळ टाकून भाजलेल्या कोंबड्या वर ओढतात. बाई परत येते, तवा रिकामा, समोर कुत्रा. मार कुणाला बसतो? कुत्र्याला.

पाहिलंत? दोन पानांत शोकाची भूक झाली आणि न्यायाच्या नावाखाली निरपराध्याला मार बसला. बुश कुठे थांबून बोट दाखवत नाही. तो चित्र काढून पुढे जातो.

मग पोरं ब्योक शिंप्याच्या दारातला लाकडी साकव करवतून ठेवतात. लेम्पेल गुरुजींच्या चिलमीत दारू, म्हणजे बंदुकीची दारू, भरतात. गुरुजी समाधानानं चिलीम पेटवतात आणि सगळं उडतं. गुरुजी काळेठिक्कर, केस जळालेले, पण वाचतात. फ्रिट्झकाकांच्या अंथरुणात भुंगेरे सोडतात. सहाव्या खोडीत ती बेकरीत चोरी करायला शिरतात, कणकेत पडतात आणि बेकरीवाला त्यांना कणकेसकट भट्टीत घालतो. भाजून पाव झाले! आणि मग ती आतून कुरतडून, पावाचं कवच फोडून बाहेर येतात. धडधाकट.

इथवर ऐकणाऱ्या मुलाला एक नियम कळलेला असतो : या गोष्टीत कुणी मरत नाही. भट्टीतून आलेली पोरं कसली मरतात! आणि हा नियम पक्का झाल्यावर बुश तो मोडतो. सातव्या खोडीत पोरं मेके शेतकऱ्याची धान्याची पोती फाडतात. मेके त्यांना पकडतो, पोत्यात घालतो, गिरणीवर नेतो आणि गिरणीवाल्याला दळायला सांगतो. गिरणीवाला दळतो. खाली दाण्यांचा चुरा पडतो, त्यात दोन्ही पोरांचे आकार अजून ओळखू येतात. गिरणीवाल्याची बदकं ते टिपून टाकतात.

ज्या गिरणीत बुशचं सगळ्यात सुखाचं बालपण गेलं, तिची आठवण मनात असताना त्यानं हा शेवट काढला. का, हे मी सांगू शकत नाही. पण गिरणीपाशी गोष्ट संपत नाही. त्यानंतर आणखी एक पान आहे, आणि मला वाटतं सगळं पुस्तक त्या पानासाठी आहे. गावात बातमी पसरते. दुःख कुणालाच नाही. बोल्टेबाई म्हणते, मला वाटलंच होतं. गुरुजींना वर्गात सांगायला आणखी एक उदाहरण मिळतं. बाकीचेही आपापलं एकेक सुभाषित काढतात. मेके शेतकरी, ज्यानं हे केलं, तो म्हणतो, मला काय त्याचं? आणि सगळ्या गावात आनंदीआनंद.

पुस्तकभर आपण पोरांच्या खोड्यांवर हसत आलेलो असतो, मोठ्यांच्या फजितीवर हसत आलेलो असतो. त्या शेवटच्या पानावर गाव हसतंय, आणि आपण त्या गावात आहोत. दोन पोती धान्याच्या बदल्यात दोन पोरं दळली गेली आणि कुणी म्हणत नाही की हे जरा जास्त झालं. दुसऱ्याच्या दुःखात होणाऱ्या आनंदाला जर्मनमध्ये 'शाडनफ्रॉइडऽ' हा शब्द आहे. शोपेनहाउअरनं त्याला माणसाच्या स्वभावातली सगळ्यात वाईट गोष्ट मानलं, सैतानी म्हटलं. बुशनं शोपेनहाउअर वाचला होता. पण तो प्रवचन देत नाही. तो आधी तुम्हाला त्या आनंदाची चव देतो आणि मग ती कुणाकुणाच्या तोंडात आहे, ते दाखवतो. लेम्पेल गुरुजींच्या जागी मी स्वतःला पाहिलंय, हे कबूल करायला हवं. कोनराडच्या गोष्टीतून मलाही वर्षानुवर्षं वर्गात सांगायला एक उदाहरण मिळालं होतंच.

आता बाईंच्या प्रश्नाकडे परत. मुलांनी यावर हसावं का?

माझा मुलगा आता कामानिमित्त जर्मनीत असतो. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. नातीच्या कपाटात 'श्ट्रुव्वलपेटर' होतं. मुलानंच आणलेलं. मला आश्चर्य वाटलं. ती पाच वर्षांची, पुस्तक घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, कोनराड वाच." मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "वाचा बाबा. फक्त कात्री आणू नका." आम्ही दोघंही हसलो, पण मला जरा कठीण गेलं ते हसणं.

मी वाचलं. शिंपी आला तेव्हा ती स्वतःच सोफ्यावर उभी राहिली आणि शिंपी झाली. दोन बोटांची कात्री करून माझे अंगठे कापले. मी ओरडलो. तिला इतका आनंद झाला की चार वेळा कापून घ्यावे लागले. त्याच रात्री झोपताना तिचा अंगठा तोंडात होता.

म्हणजे शिक्षण म्हणून गोष्ट साफ फसली! आणि गोष्ट म्हणून तिनं जे करायचं ते केलं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या हातात कात्री होती, म्हणून मुलाच्या हातात काहीच उरलं नव्हतं. या वेळी कात्री तिच्या हातात होती. ससा शिकाऱ्याची बंदूक पळवतो, ते आठवा.

तेव्हा माझं उत्तर असं. हसावं की नाही हे मुलालाच ठरवू द्यावं, आणि ते आपल्याला लगेच कळतं. मूल हसत असेल, पुन्हा सांग म्हणत असेल, स्वतः शिंपी व्हायला मागत असेल, तर ते भीतीशी आपल्या परीनं खेळतंय. ते गप्प झालं, हात लपवायला लागलं, तर पुस्तक मिटावं. आणि मुलाची एखादी खोड मोडायची म्हणून हे पुस्तक कपाटातून काढत असाल, तर कृपा करून काढू नका. त्या क्षणी त्यातला विनोद संपतो आणि उरतो तो बागुलबुवा, ज्याला घालवण्यासाठी एका डॉक्टरनं ही चित्रं काढायला सुरुवात केली होती.

बुशचं पुस्तक मात्र मुलं मोठी झाल्यावर आपण पुन्हा एकदा एकट्यानं वाचावं, शेवटचं पान जरा सावकाश.

पुढच्या व्याख्यानात ग्रिम बंधूंकडे जाऊ. त्यांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मुलांनी खेळता खेळता एकमेकांना कापल्याची एक गोष्ट होती, ती १८१९ च्या आवृत्तीतून त्यांनी काढून टाकली. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. का काढली आणि बाकीच्या का ठेवल्या, ते तेव्हा पाहू.